एम.२ स्लॉट मोकळा आहे, पण तुमची एसएसडी त्यात चालेल का?

प्रश्न असा आला आहे: "रायझन ५ ५६००जी आणि बी५५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड घेतोय. बोर्डावर दोन एम.२ स्लॉट आणि चार साटा पोर्ट आहेत. १ टीबीची जेन ४ एनव्हीएमई नवीन घेणार आहे. शिवाय जुन्या लॅपटॉपमधून काढलेली २५६ जीबीची एम.२ एसएसडी आणि घरच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली ४ टीबीची हार्ड डिस्क पडून आहे. तिन्ही एकाच मशीनमध्ये चालतील का? दुकानदार म्हणतो, स्लॉट आहे ना, मग चालेल."

थेट उत्तर आधी देतो. नवीन एनव्हीएमई प्रोसेसरलगतच्या वरच्या स्लॉटमध्ये लावा. ती चालेल, पण ५६००जी हा प्रोसेसर असेपर्यंत जेन ३ च्याच वेगाने (जेन म्हणजे जनरेशन, पिढी). हार्ड डिस्क साटा पोर्टवर बिनघोर चालेल, फक्त तिच्यातलं जुनं रेकॉर्डिंग विंडोजला दिसणार नाही. लॅपटॉपमधल्या एसएसडीबद्दल मात्र ती साटाची आहे की एनव्हीएमई, हे कळल्याशिवाय हो किंवा नाही म्हणता येत नाही. दुकानदाराचं "स्लॉट आहे ना" नेमकं तिथेच फसतं.

एम.२ या नावाने फक्त पट्टीचा आकार आणि तिचा कनेक्टर ठरतो. २२८० म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८०. तसंच २२३०, २२४२, २२६०, २२११०. त्या पट्टीवरची एसएसडी बोर्डाशी कोणत्या पद्धतीने बोलते, हे त्या आकड्यातून कळत नाही. एक पद्धत साटाची, म्हणजे हार्ड डिस्कच्या काळापासून चालत आलेली. तिसऱ्या पिढीच्या साटाचा वेग ६ गिगाबिट, म्हणजे कागदावर सेकंदाला ६०० एमबी आणि प्रत्यक्षात ५५० च्या आसपास. साटाची एसएसडी एम.२ च्या पट्टीवर आली म्हणून ती याहून वेगाने पळत नाही. दुसरी पद्धत एनव्हीएमईची, जिचं पहिलं स्पेसिफिकेशन २०११ मध्ये आलं. ती पीसीआय एक्स्प्रेसच्या लेनवर चालते, म्हणजे ग्राफिक्स कार्ड ज्या प्रकारच्या वाटेने जोडलेलं असतं त्याच वाटेने. चार लेन मिळाल्या तर जेन ३ ला सेकंदाला साधारण ३.९ जीबी, जेन ४ ला ७.८ आणि जेन ५ ला १५.७ जीबी, ही त्या वाटेची कमाल मर्यादा.

आता लॅपटॉपमधली ती पट्टी हातात घ्या आणि सोनेरी दात असलेली कड बघा. दातांच्या रांगेत एकच खाच असेल, तर ती 'एम की'. दोन बाजूंना दोन खाचा असतील, तर ती 'बी अधिक एम'. दोन खाचांची एसएसडी बहुतेक वेळा साटाचीच निघते. फक्त दोनच लेन वापरणाऱ्या काही जुन्या एनव्हीएमईंनाही दोन खाचा असतात, म्हणून एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नका. लेबलवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. लॅपटॉप अजून चालू असेल तर काम आणखी सोपं आहे. एसएसडी परत त्यात बसवून क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, 'इंटरफेस'पुढे साटा की एनव्हीएमई ते स्वच्छ लिहिलेलं असतं.

दोन खाचा ठेवल्या आहेत त्या पट्टी दोन्ही प्रकारच्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून. त्यामुळे साटाची एम.२ एसएसडी तुमच्या बोर्डाच्या एम की स्लॉटमध्ये छान बसेल, स्क्रूही लागेल, आणि तरीही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, दिसणार नाही, अशी परिस्थिती येऊ शकते. त्या स्लॉटपर्यंत बोर्ड बनवणाऱ्याने साटाच्या तारा आणल्या असतील तरच ती दिसेल. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरमधून (तुमचा ५६००जी त्यातलाच) स्टोरेजसाठी निघणाऱ्या चार लेन दोन प्रकारे वापरता येतात. एक तर चारही एनव्हीएमईला, नाहीतर दोन लेन आणि दोन साटा. म्हणून बी४५०, बी५५० च्या बऱ्याच बोर्डांवर वरचा स्लॉट दोन्ही प्रकार घेतो. खालचा स्लॉट चिपसेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या मदतनीस चिपमधून, येतो आणि तिथे प्रत्येक बोर्डाची तऱ्हा वेगळी. एएमडीच्याच नव्या एएम५ सॉकेटचे बोर्ड आणि इंटेलचे अलीकडचे बोर्ड घेतले, तर त्यांतल्या बहुतेक स्लॉटांवर साटा मिळतच नाही.

हे सगळं लिहिलेलं असतं ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये. ते कंपनीच्या साइटवर पीडीएफ रूपात मोफत असतं, बोर्ड विकत घ्यायच्या आधीही वाचता येतं. त्यातलं 'स्टोरेज' किंवा 'एम.२' हे पान काढा. तिथे साधारण असं दिसेल: एम२_१ पुढे "पीसीआयई ४.० एक्स४ आणि साटा, २२४२/२२६०/२२८०", एम२_२ पुढे "पीसीआयई ३.० एक्स४, २२८०". पीसीआयई म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस, ३.० म्हणजे जेन ३ आणि एक्स४ म्हणजे चार लेन. दुसऱ्या ओळीत साटा हा शब्द नाही, म्हणजे तिथे साटाची एसएसडी चालणार नाही. एवढं स्पष्ट. पण खरी माहिती असते ती त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपेत, आणि ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, हा माझा आग्रह आहे. त्या टिपेत दोन गोष्टी असतात: कोणता प्रोसेसर लावल्यावर स्लॉटचं काय होतं, आणि कोणता स्लॉट भरल्यावर दुसरं काय बंद पडतं.

पहिली गोष्ट सगळ्यात जास्त लोकांना अडकवते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. घरातले दोन नळ दिसायला सारखेच असतात, पण एकाला कॉर्पोरेशनचं पाणी असतं आणि दुसऱ्याला बोअरचं. तसंच बोर्डावरच्या स्लॉटांचं. प्रोसेसरलगतचा स्लॉट थेट प्रोसेसरमधून लेन घेतो, बाकीचे सहसा चिपसेटमधून. म्हणजे वरच्या स्लॉटची पात्रता बोर्डाच्या खोक्यावर काहीही छापलेलं असलं तरी प्रोसेसर ठरवतो. तुमच्या बी५५० बोर्डाचा वरचा स्लॉट जेन ४ चा आहे, पण ५६००जी स्वतः जेन ३ च देतो. रायझन ५००० मालिकेत ५६००, ५६००एक्स, ५७००एक्स, ५८००एक्स हे जेन ४ देतात. ५६००जी, ५७००जी आणि त्याच जातकुळीचा ५५०० हे जेन ३ वर थांबतात. यातला सगळ्यात फसवा ५७००. नाव ५७००एक्सला इतकं जवळचं, की नुसता एक्स सुटलाय असं वाटावं. पण तो ५७००जी मधले ग्राफिक्स बंद करून काढलेला प्रोसेसर आहे, म्हणून तोही जेन ३.

इंटेलच्या बाजूला याहून कठीण प्रकार घडतो, कारण तिथे वेग नुसता कमी होत नाही, स्लॉटच बंद राहतो. बी५६० आणि झेड५९० बोर्डांवर दहाव्या आणि अकराव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही चालतात. स्टोरेजसाठी चार स्वतंत्र लेन मात्र अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमध्ये आल्या. त्यामुळे बी५६० वर दहाव्या पिढीचा १०४००एफ लावला, की बहुतेक बोर्डांचा पहिला एम.२ स्लॉट निर्जीव होतो. एसएसडी दिसत नाही, माणूस ती बदलून आणतो, नवीनही दिसत नाही, मग बोर्डावर संशय जातो. अशी मशीन माझ्याकडे आली की मी आधी प्रोसेसरची पिढी विचारतो आणि एसएसडी दुसऱ्या स्लॉटमध्ये सरकवतो. बहुतेक वेळा काम तिथेच संपतं. एएम५ वरही तसं आहे. रायझन ५ ८५००जी सारख्या छोट्या चिपमध्ये लेनच कमी, म्हणून त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या स्लॉटला दोनच लेन मिळतात किंवा काही बोर्डांवर तो बंदच राहतो. आणि झेड७९० सारख्या बोर्डावर जेन ५ चा एम.२ स्लॉट असेल, तर त्याच्या लेन ग्राफिक्स कार्डाच्या सोळामधून काढून घेतलेल्या असतात. तिथे एसएसडी लावली की ग्राफिक्स कार्ड आठ लेनवर येतं.

मग ५६००जी बरोबर जेन ४ ची एसएसडी घ्यावी का? माझं मत, घ्यावी, पण ७००० एमबीचा आकडा बघून नव्हे. जेन ३ च्या वाटेवर ती ३५०० च्या आसपास थांबेल आणि विंडोज सुरू होणं, ब्राउझर, ऑफिस, बहुतेक गेम यांत तुम्हाला तो फरक डोळ्यांनी दिसणार नाही. पीसीआय एक्स्प्रेस दोन्ही दिशांनी जुळवून घेतं, म्हणजे जेन ४ ची ड्राइव्ह जेन ३ च्या स्लॉटवर आणि उलटही चालते. दोघांच्या किमतीत फारसा फरक नसेल तर जेन ४ घ्या, उद्या ग्राफिक्स कार्ड घेऊन ५७००एक्स लावलात की वेग आपोआप सुटेल. फरक मोठा असेल तर चांगली जेन ३ घ्या आणि उरलेले पैसे रॅममध्ये घाला. जेन ५ चा विचार या मशीनसाठी करूच नका.

टिपेतली दुसरी गोष्ट लेन वाटून घेण्याची. चिपसेटकडे ठरावीकच वाटा असतात आणि बोर्ड बनवणारा त्या एम.२, साटा आणि पीसीआयईच्या स्लॉटांत वाटतो. "एम२_२ मध्ये एसएसडी लावल्यास साटा ५ आणि साटा ६ पोर्ट बंद होतील" ही ओळ सहा साटा पोर्टच्या कितीतरी बोर्डांच्या मॅन्युअलमध्ये सापडते. इंटेलच्या काही बोर्डांवर एम.२ मध्ये साटाची एसएसडी लावली की एक ठरावीक साटा पोर्ट बंद होतो, एनव्हीएमई लावली तर होत नाही. तुमच्या बोर्डावर चारच पोर्ट आहेत, त्यामुळे बहुधा ही अडचण येणार नाही, तरी ओळ शोधून बघा. नवीन एसएसडी लावल्यावर हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी झाली, तर ती गेली असं समजून डेटा रिकव्हरीवाल्याकडे धावू नका. आधी केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

तर तुमच्या लॅपटॉपच्या एसएसडीचं काय करायचं? एनव्हीएमई निघाली तर खालच्या स्लॉटमध्ये लावा, बी५५० चा चिपसेट जेन ३ देतो आणि तिला तेवढं पुरे. साटाची निघाली आणि खालच्या स्लॉटला साटा असेल तर तिथेच. नसेल तर तिच्यासाठी वरचा स्लॉट अडवून नवीन एनव्हीएमईला खाली ढकलू नका. एम.२ साटा पट्टी आत बसवून अडीच इंची साटा ड्राइव्हसारखी वापरता येईल असं छोटं कन्व्हर्टर मिळतं. त्यात रूपांतर असं काही नसतं, साटाचे सिग्नल तसेच पुढे जातात आणि पाच व्होल्टचे ३.३ व्होल्ट केले जातात. म्हणूनच ते स्वस्त असतं आणि म्हणूनच त्यात एनव्हीएमई कधीच चालत नाही. यूएसबी एन्क्लोजर घेणार असाल तर तेही तपासा: साटाचं वेगळं, एनव्हीएमईचं वेगळं, आणि थोडे जास्त पैसे देऊन दोन्ही घेणारं.

लॅपटॉपमधून काढलेल्या एसएसडीत जुना डेटा असेल तर आणखी एक सूचना. बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोज स्वतःहून ड्राइव्ह एन्क्रिप्ट करून ठेवतं. दुसऱ्या मशीनला लावली की ती ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागते. ही की बहुतेक वेळा त्या लॅपटॉपवर लॉगिन केलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप भंगारात देण्याआधी ती शोधून ठेवा.

हार्ड डिस्कचा मामला सोपा आहे. सीसीटीव्हीसाठीच्या डिस्क सतत रेकॉर्डिंग लिहिण्यासाठी बनवलेल्या असतात, पण जोडणी तीच साटाची. फोटो, सिनेमे, बॅकअप यांसाठी ती खुशाल वापरा, विंडोज मात्र तिच्यावर टाकू नका. डीव्हीआर आपल्या पद्धतीची फाइल सिस्टिम वापरतो, त्यामुळे विंडोज ती डिस्क बघताक्षणी फॉरमॅट करू का असं विचारतं. जुन्या रेकॉर्डिंगची गरज असेल तर नाही म्हणा आणि आधी डीव्हीआरमध्येच लावून ते यूएसबीवर उतरवून घ्या. नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुने पार्टिशन काढा आणि जीपीटी पद्धतीने तयार करा. एमबीआर ही जुनी पद्धत निवडलीत तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येणार नाही. तयार झाल्यावर ४ टीबीऐवजी ३.६३ दिसलं तर घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

तिला वीज मात्र नीट द्या. साडेतीन इंची हार्ड डिस्कला १२ आणि ५ असे दोन्ही व्होल्ट लागतात आणि चकती फिरायला सुरुवात होताना ती बारा व्होल्टवर दीड-दोन अँपिअर खेचते. एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्यातून, थेट येणारी साटा पॉवरची केबल वापरा. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा करणारी, प्लास्टिक ओतून बंद केलेली स्वस्त कनेक्टरं टाळा, ती आतून शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगतो. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा, एसएमपीएस असेल तर त्याच्याच खोक्यातली केबल वापरा. ड्राइव्हच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते. चुकीची केबल तिथे सहज बसते आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जातात. एका क्षणात सगळ्या ड्राइव्ह जातात, डेटासकट.

हार्ड डिस्कसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुना माल बघणार असाल, तर दोन-तीन ओळखी लक्षात ठेवा. सर्व्हरमधून निघालेली एसएएस डिस्क दिसायला अगदी साटासारखी, किंमत निम्मी. पण तिच्या कनेक्टरमध्ये डेटा आणि पॉवरच्या मधली जागा भरलेली असते, साटाला तिथे मोकळी खाच असते. ती साध्या बोर्डावर चालत नाही, तिला एसएएसचं कंट्रोलर कार्ड लागतं. दुसरं, मोठ्या क्षमतेच्या काही एंटरप्राइझ डिस्क साध्या एसएमपीएसवर फिरतच नाहीत, कारण पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की बंद राहायचं अशी त्यांची रचना असते. डिस्क मेलेली नसते. तिसरं, लॅपटॉपमधून काढलेली इंटेल ऑप्टेन एच१०. ही एका पट्टीवर दोन वेगळी उपकरणं आहे, प्रत्येकाला दोन लेन. ती लेन वाटून देऊ शकणाऱ्या ठरावीक इंटेल बोर्डांवरच पूर्ण दिसते. तुमच्या एएमडी बोर्डासाठी ती घेऊ नका.

बसवण्याबद्दल थोडं. स्टँडऑफ, म्हणजे ज्यात शेवटचा स्क्रू जातो तो पितळी खांब, आधी ८० च्या भोकात आहे का बघा. पट्टी साधारण ३० अंशात तिरपी धरून आत सरकवा. सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत. मग टोक खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू लावण्याआधी सोडलं तर पट्टी परत वर उचलली जाते, तसंच व्हायला हवं. स्टँडऑफ न लावता स्क्रू थेट बोर्डात पिळला तर पट्टी वाकते, आणि अशा वाकलेल्या एसएसडी मी उघडून बघितल्या आहेत. बोर्डासोबत हीटसिंक असेल तर थर्मल पॅडवरचं पातळ प्लास्टिक सोलायला विसरू नका, नाहीतर तेच प्लास्टिक उष्णता अडवून धरतं. एसएसडी साधारण ऐंशी अंशांच्या पुढे गेली की स्वतःचा वेग कमी करते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच चाळीशीला असते, तिथे जेन ४ ला हीटसिंक लावाच. वायफाय कार्डाचा छोटा स्लॉटही एम.२ च असतो, पण तो 'ई की'. तिथे एसएसडी घालण्याचा प्रयत्न करू नका.

विंडोज टाकताना फक्त नवीन एनव्हीएमई जोडलेली ठेवा. बाकीच्या ड्राइव्हच्या केबल काढून ठेवा, लॅपटॉपची एसएसडीही नंतर लावा. दुसऱ्या डिस्कवर आधीचं बूट पार्टिशन असेल तर विंडोजचा इन्स्टॉलर स्वतःची बूट फाइल तिथेच ठेवतो. मग वर्षभराने ती जुनी डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद ठेवा. कोरी एनव्हीएमई बूटच्या यादीत दिसत नाही म्हणून घाबरू नका. बायोसच्या एनव्हीएमई किंवा स्टोरेजच्या पानावर तिचं नाव दिसलं की पुरे, विंडोज टाकल्यावर यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' आपोआप येतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या मशीनवर, विशेषतः लॅपटॉपवर, इन्स्टॉलरमध्ये एकही ड्राइव्ह दिसली नाही तर बायोसमधलं व्हीएमडी (ड्राइव्ह सांभाळण्याची इंटेलची सोय) बंद करा किंवा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्या. पण आधीच विंडोज असलेल्या मशीनवर व्हीएमडीला हात लावू नका, निळा पडदा येईल. तुमच्या एएमडीवर हा प्रश्न नाही.

याच्या अनुषंगाने एक प्रश्न नेहमी येतो, म्हणून तोही घेतो: घरातल्या इंटेलच्या जुन्या एच६१ किंवा एच८१ बोर्डावर एनव्हीएमई चालेल का? पीसीआयईच्या स्लॉटमध्ये लावायच्या अ‍ॅडॉप्टर कार्डावर ती डेटासाठी चालते. तिच्यावरून विंडोज सुरू करायला बायोसला एनव्हीएमई कळावं लागतं, आणि त्या काळातल्या बहुतेक बोर्डांना ते कळत नाही. इंटेलकडे ही सोय ९ मालिकेच्या बोर्डांवर बायोस अपडेटने आणि २०१५ च्या १०० मालिकेपासून सर्रास आली. अशा जुन्या मशीनला साधी अडीच इंची साटा एसएसडी लावा. एच८१ वर चारपैकी दोनच पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, ते मॅन्युअलमध्ये बघून निवडा. एच६१ च्या चिपसेटमध्ये सगळेच ३ गिगाबिटचे, म्हणजे एसएसडी २७०-२८० एमबीवर थांबेल. तरीही हार्ड डिस्कवरून तिच्यावर आल्यावर मशीन ओळखू येणार नाही, इतका फरक पडतो.

सगळं जोडून झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो पुन्हा उघडा आणि 'ट्रान्सफर मोड'ची ओळ वाचा. तिथे उभ्या रेघेच्या डाव्या बाजूला आत्ता चालू असलेला वेग आणि उजव्या बाजूला ड्राइव्हची क्षमता असते. तुमच्या मशीनवर नवीन एनव्हीएमईपुढे "पीसीआयई ३.० एक्स४ | पीसीआयई ४.० एक्स४" दिसलं, तर सगळं बरोबर आहे. डावीकडे एक्स२ किंवा एक्स१ दिसलं, तर एसएसडी चुकीच्या स्लॉटमध्ये आहे किंवा नीट बसलेली नाही. मशीन बंद करा, पट्टी काढून पुन्हा बसवा. हार्ड डिस्कपुढे "साटा/६०० | साटा/६००" हवं. तिच्याच यादीत सी७ क्रमांकाची 'अल्ट्राडीएमए सीआरसी एरर काउंट' ही नोंद आज किती आहे ते लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात तो आकडा वाढलेला दिसला, तर डिस्क न बदलता आधी साटाची डेटा केबल बदला. जुना आकडा कमी होत नाही, पण केबल बदलल्यावर वाढायचा थांबला की दोष केबलचाच होता.

बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि कोपऱ्यात छापलेली रिव्हिजन कळवा. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनमध्येही खालच्या स्लॉटची जोडणी कधी कधी बदललेली असते, तेव्हा तुमच्या बोर्डाचं पान बघूनच साटाच्या एसएसडीची जागा ठरवू.